एक फाइल, अनेक हात

सोलापुरातले टॉवेल-चादरींचे एखादे ठोक दुकान घेऊ. दिवाळीच्या आधीचा आठवडा आहे. दोन काउंटरवर दोन टॅब आहेत, गोदामात एकाच्या हाती मोबाइल आहे आणि आतल्या खोलीत एक संगणक आहे. बिलाचा प्रोग्रॅम फक्त या संगणकावर चालतो. टॅब आणि मोबाइल वायफायवरून त्याच्याशी बोलतात. एका काउंटरवर कर्नाटकातून आलेल्या व्यापाऱ्याचे बिल बनते आहे, दुसऱ्यावर लग्नाच्या आहेरासाठी चादरी मोजल्या जात आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आलेल्या गठ्ठ्यांची आवक गोदामात चढते आहे आणि याच वेळी तो संगणक तयार झालेल्या बिलांची ई-वे बिलेही काढतो आहे. सगळी कामे एकमेकांसाठी न थांबता चालावीत म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक कामाला वेगळा थ्रेड लावतो. हे थ्रेड एकाच प्रोग्रॅमच्या आत, एकाच मेमरीत, पण आपापल्या गतीने चालतात. कोणता थ्रेड कोणत्या क्षणी थांबेल आणि कोणता पुढे जाईल, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात नसते.

दुकानाचा हिशेब मात्र एकाच फाइलमध्ये असतो. अशा प्रोग्रॅममध्ये बहुधा एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, तो चालू आहे की बंद हे पाहायला माणूस लागत नाही. तो प्रोग्रॅमच्याच पोटात बसतो आणि थेट फाइलशी व्यवहार करतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आहेच, आणि व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ऑर्डरही तुमच्या फोनमधल्या एसक्यूलाइट फाइलमध्येच साठते.

त्याचा जन्म गरजेतून झाला. रिचर्ड हिप हे अमेरिकी प्रोग्रॅमर नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला मार बसला तर कोणत्या नळाची कोणती झडप बंद करायची, हे ते सॉफ्टवेअर सांगणार होते. त्याची माहिती एका मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर होती. सर्व्हर बंद पडला की पडद्यावर संपर्क होत नसल्याची सूचना येई आणि लोक हिप यांच्या प्रोग्रॅमला दोष देत. माहिती जर त्याच संगणकाच्या डिस्कवर आहे, तर मधला सर्व्हर हवाच कशाला, असा विचार त्यांनी केला आणि 2000 साली एसक्यूलाइट लिहिले. पुढे त्यांनी ते सार्वजनिक मालकीचे करून टाकले. कोणीही, कशासाठीही, परवानगी न मागता ते वापरू शकतो. एवढी उदारता दाखवलेले आणि एवढे कसून तपासलेले सॉफ्टवेअर फार थोडे असेल.

म्हणूनच, ‘हलका डेटाबेस आहे, अनेक थ्रेडना झेपत नाही’ असे कोणी सहज म्हणाले की मला ते खटकते. दुकानाचा हिशेब चुकतो तेव्हा दोष बहुतेक वेळा डेटाबेसचा नसतो. कोणी लिहायचे आणि कधी लिहायचे, हे ठरवायचेच राहून गेलेले असते.

एकच कनेक्शन सगळ्यांना

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते. प्रोग्रॅम सुरू होताना डेटाबेसचे एक कनेक्शन उघडायचे, ते सर्वांना दिसेल अशा जागी ठेवायचे आणि प्रत्येक थ्रेडने तेच वापरायचे.

2007 पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये अशाने प्रोग्रॅम सरळ कोसळू शकत असे. त्या वर्षी आलेल्या 3.5.0 या आवृत्तीपासून एकच कनेक्शन अनेक थ्रेडनी वापरले तरी आतली रचना बिघडत नाही. यासाठी एसक्यूलाइटमध्ये तीन पद्धती आहेत. पहिली सिंगल-थ्रेड: आतली सगळी कुलपे काढून टाकलेली, एकाहून जास्त थ्रेडसाठी मुळीच नाही. दुसरी मल्टी-थ्रेड: थ्रेड कितीही असोत, एक कनेक्शन एका वेळी एकाच थ्रेडच्या हाती हवे. तिसरी सीरियलाइज्ड: कनेक्शन कोणीही कधीही वापरा, ते स्वतः प्रत्येकाला रांगेत उभे करते. मूळ स्वरूपात तिसरी पद्धत चालू असते, पण फोन आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या प्रणालीत ती बदलतात. त्यामुळे गृहीत न धरता तपासून घ्यावे. ‘प्रॅग्मा कंपाइल ऑप्शन्स’ ही आज्ञा दिली की कोणती पद्धत आहे ते कळते.

सीरियलाइज्ड पद्धत आहे म्हणून लोक निर्धास्त होतात. इथेच घात होतो. ती पद्धत एकेक आज्ञा सुरक्षित ठेवते. व्यवहार सुरक्षित ठेवत नाही. व्यवहार म्हणजे ‘सगळे होईल किंवा काहीच होणार नाही’ अशी हमी दिलेला आज्ञांचा गट. बिलाचा मथळा लिहिणे, त्याच्या ओळी लिहिणे, शिल्लक कमी करणे, व्यापाऱ्याच्या खात्यावर रक्कम टाकणे, हे सगळे मिळून एक व्यवहार. आणि एसक्यूलाइटमध्ये व्यवहार थ्रेडचा नसतो, कनेक्शनचा असतो.

आता नीट पाहा. पहिल्या काउंटरच्या थ्रेडने व्यवहार सुरू केला आणि बिलाच्या तीन ओळी लिहिल्या. तेवढ्यात गोदामाच्या थ्रेडने त्याच कनेक्शनवरून 50 डझन टॉवेलांची आवक लिहिली. त्याला वाटते आपली नोंद पक्की झाली, पण ती पहिल्याच्या उघड्या व्यवहारात जाऊन पडली आहे. इकडे व्यापाऱ्याने ऐन वेळी माल नको म्हटले. पहिल्या थ्रेडने ‘रोलबॅक’ म्हटले. बिलाच्या ओळी गेल्या आणि त्यांच्यासोबत गोदामाची 50 डझनांची आवकही गेली. कुठेही चूक दाखवली गेली नाही. गोदामातल्या माणसाच्या मोबाइलवर ‘नोंद झाली’ असे हिरवे अक्षर उमटलेले आहे. गठ्ठे समोर पडलेले आहेत. हिशेबात ते नाहीत. महिनाअखेरीस माल मोजल्यावर हे उघडकीस येते, आणि तोवर संशय माणसांवर गेलेला असतो. म्हणूनच या चुकीबद्दल मी इतके पोटतिडकीने सांगतो आहे. प्रोग्रॅमची चूक असते आणि जाब हमालाला, नोकराला द्यावा लागतो.

अशीच दुसरी गफलत बिलाच्या क्रमांकाची. नवी नोंद झाल्यावर ‘शेवटची नोंद कोणत्या क्रमांकाची’ असे कनेक्शनला विचारता येते. कनेक्शन सामायिक असेल, तर माझी नोंद आणि माझा प्रश्न यांच्यामध्ये दुसऱ्याची नोंद घुसू शकते. मग माझ्या बिलाच्या ओळी दुसऱ्याच्या बिलाला चिकटतात.

उपाय सोपा आहे: प्रत्येक थ्रेडला स्वतःचे कनेक्शन. तयार केलेल्या आज्ञा आणि अर्धवट वाचलेले निकालही एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे द्यायचे नाहीत. पायथनची एसक्यूलाइट जोडणी हा नियम आपणहून पाळायला लावते. ज्या थ्रेडने कनेक्शन उघडले त्याखेरीज दुसऱ्याने ते वापरले तर ती काम थांबवून चूक दाखवते. ही चूक पडद्यावर आली की ‘चेक सेम थ्रेड’ हा पर्याय बंद करून टाकायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पर्याय बंद करण्याचा अधिकार फक्त त्याला आहे, ज्याने कनेक्शनभोवती स्वतःचे कुलूप घातले आहे आणि ते कुलूप पूर्ण व्यवहार संपेपर्यंत सोडत नाही.

‘डेटाबेस इज लॉक्ड’

प्रत्येकाला स्वतंत्र कनेक्शन दिले की व्यवहार एकमेकांत मिसळणे थांबते, आणि लगेच एक नवी सूचना दिसू लागते: ‘डेटाबेस इज लॉक्ड’. ती पाहून अनेक जण घाबरून पुन्हा एकाच कनेक्शनकडे वळतात. ही सूचना खरे तर चांगली खूण आहे. फाइल सांगते आहे की आत्ता दुसरा कोणी लिहितो आहे, थोडे थांब.

एसक्यूलाइटमध्ये वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा एका वेळी एकच. दुकानाची रोजकीर्द जशी एका वेळी एकाच दिवाणजीच्या हाती असते, तसे हे आहे. कुलपे पायरीपायरीने लागतात. वाचणारा ‘शेअर्ड’ कुलूप घेतो. लिहायचा इरादा असलेला ‘रिझर्व्ह्ड’ घेतो. ते एकालाच मिळते, पण वाचणाऱ्यांना तोवर अडवत नाही. बदल फाइलवर उतरवायची वेळ आली की तो ‘पेंडिंग’ घेतो, म्हणजे नवे वाचणारे दाराबाहेर थांबतात, आणि आतले सगळे बाहेर पडले की ‘एक्स्क्लुझिव्ह’ मिळते.

कुलूप न मिळाल्यास किती वेळ वाट पाहायची, हे कनेक्शनला सांगावे लागते. याला ‘बिझी टाइमआउट’ म्हणतात. एसक्यूलाइट स्वतः शून्य वेळ थांबते, म्हणजे लगेच नकार देते. पायथनची जोडणी 5 सेकंद धरते. दुकानाच्या कामासाठी 5 सेकंद पुष्कळ झाले. ही वेळ प्रत्येक कनेक्शनवर वेगळी ठरवावी लागते. एकावर ठरवली म्हणजे सगळ्यांवर लागू झाली असे होत नाही.

पण टाइमआउट लावूनही काही वेळा नकार तत्काळ येतो, आणि इथे अनुभवी माणसेही चकतात. साधे ‘बिगिन’ म्हटले की व्यवहार सुरू होतो, पण कुलूप लागत नाही. पहिले वाचन होईल तेव्हा वाचण्याचे, पहिले लेखन होईल तेव्हा लिहिण्याचे. समजा, एका थ्रेडने आधी शिल्लक वाचली आणि मग लिहायला गेला. मधल्या काळात दुसऱ्याने लिहिण्याचे कुलूप घेतले आणि तो वाचणारे बाहेर पडण्याची वाट पाहतो आहे. पहिला वाचणे सोडत नाही, दुसरा लिहिणे सोडत नाही. कितीही थांबले तरी हा पेच सुटणार नाही, हे एसक्यूलाइट ओळखते आणि पहिल्याला वाट पाहायला न लावता नकार देते. त्याने रोलबॅक करून पूर्ण व्यवहार नव्याने करायचा असतो.

हे टाळायचे असेल तर, ज्या व्यवहारात शेवटी लिहायचे आहेच तो ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करावा. लिहिण्याचे कुलूप सुरुवातीलाच मागितले जाते. मिळेपर्यंत टाइमआउटप्रमाणे वाट पाहिली जाते आणि मिळाल्यावर मध्येच पेच पडत नाही. दोन शब्दांचा हा बदल अनेक दुकानांतली रोजची तक्रार मिटवू शकेल.

आणि कुलूप हातात असताना रेंगाळू नये. बिल लिहायला व्यवहार उघडला, ग्राहकासमोर क्यूआर कोड धरला, त्याने फोन काढला, पिन आठवला, पैसे आल्याचा आवाज झाला आणि मग ‘कमिट’ करून व्यवहार पक्का केला, असा प्रोग्रॅम लिहिला तर तेवढा वेळ दुसरा काउंटर आणि गोदाम दोन्ही ठप्प. ई-वे बिलासाठी सरकारी सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत व्यवहार उघडा ठेवणे हीही तीच चूक. माणसाची, छपाईची आणि इंटरनेटची वाट व्यवहाराच्या बाहेर पाहायची. आत फक्त लिहायचे आणि निघायचे.

वाचणारे आणि लिहिणारे वेगळे करणे

2010 च्या जुलैत आलेल्या 3.7.0 या आवृत्तीने ‘वॉल’ ही पद्धत आणली. यात नवे बदल मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारच्या ‘-वॉल’ शेपटाच्या फाइलमध्ये ओळीने जोडले जातात. वाचणाऱ्याला तो वाचायला बसला त्या क्षणाचे चित्र दिसत राहते. त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. लिहिणारा अजूनही एकच. आतल्या खोलीत कोणी वर्षभराच्या विक्रीचा अहवाल काढत बसले तरी काउंटर चालू राहतो. अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅमसाठी मी ही पद्धत डोळे मिटून सुचवेन. एकदा लावली की फाइलमध्येच तिची नोंद राहते.

वॉल फाइलमधले बदल अधूनमधून मूळ फाइलमध्ये उतरवावे लागतात. ती 1000 पानांची, म्हणजे नेहमीच्या 4096 बाइटच्या पानाने सुमारे 4 एमबीची झाली, की हे काम आपोआप होते. मात्र एखादा वाचणारा जुने चित्र धरून बसला असेल, तर त्याच्या पुढचे बदल उतरवता येत नाहीत. जीएसटीचा अहवाल पडद्यावर उघडा टाकून कोणी जेवायला गेले आणि त्या पडद्यामागचे वाचन अर्धवटच राहिले, तर वॉल फाइल फुगत जाते. म्हणून निकाल एका दमात वाचून घ्यावा आणि वाचन बंद करावे.

लिहिणारा एकच असणार आहे, तर तो प्रोग्रॅममध्येच एक का ठेवू नये? लिहिण्यासाठी एकच थ्रेड नेमायचा, त्याच्यापुढे कामांची रांग लावायची आणि बाकीच्या थ्रेडनी आपले काम रांगेत टाकून उत्तराची वाट पाहायची. कुलपांची झटापट उरतच नाही. शिवाय हा थ्रेड रांगेतली अनेक छोटी लेखने एका व्यवहारात बांधू शकतो. याने वेग किती वाढतो, हे जुन्या फिरत्या डिस्कवर स्पष्ट दिसते. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कवर सेकंदाला साधारण 60 व्यवहार होतात, कारण प्रत्येक कमिटला माहिती खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत थांबावे लागते; पण एकाच व्यवहारात त्याच वेळात 50,000 नोंदी सहज बसतात.

कुलपे बरोबर लावूनही एक चूक उरते. शिल्लक 40 डझन. पहिल्या काउंटरने वाचले 40, दुसऱ्यानेही वाचले 40. पहिल्याने 12 विकून 28 लिहिले. दुसऱ्याने 10 विकून 30 लिहिले. शिल्लक 18 हवी, फाइलमध्ये 30 आहे. वाचणे आणि लिहिणे एकाच व्यवहारात असते तर एसक्यूलाइटने दुसऱ्याला अडवले असते. पण प्रोग्रॅमने आधी वाचून व्यवहार संपवला आणि नंतर वेगळ्या व्यवहारात लिहिले, तर डेटाबेसला यात काहीच गैर दिसत नाही. इथे नवा आकडा लिहायचाच नाही. ‘जी शिल्लक असेल त्यातून 12 वजा कर, पण शिल्लक निदान 12 असेल तरच’ अशी एकच आज्ञा द्यायची आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचे. शून्य आले तर माल कमी आहे. दिवाळीच्या गर्दीत नसलेला माल विकला जाणे एवढ्याने थांबते.

फाइलची काळजी

रोज संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावून हिशेबाची फाइल उतरवून घेण्याची सवय अनेक दुकानांत आहे. सवय उत्तम आहे, पद्धत धोक्याची. वॉल पद्धतीत प्रोग्रॅम चालू असताना नुसती मूळ फाइल उचलली, तर ताजी बिले मागे राहतात, कारण ती अजून शेजारच्या फाइलमध्ये आहेत. नक्कल होत असतानाच कोणी लिहिले, तर नक्कल अर्धी जुनी, अर्धी नवी निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय आहे आणि 2019 पासून ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञाही आहे. दोन्हींनी चालू प्रोग्रॅममधून अखंड प्रत निघते.

लिनक्स आणि अँड्रॉइडवर याहून सूक्ष्म धोका आहे. तिथल्या फाइल-कुलपांचा जुना नियम असा की, प्रोग्रॅमने एखादी फाइल कुठल्याही मार्गाने उघडून बंद केली, तर त्या फाइलवरची त्या प्रोग्रॅमची सगळी कुलपे सुटतात. म्हणजे बॅकअपच्या थ्रेडने डेटाबेसची फाइल साध्या फाइलसारखी उघडली, वाचली आणि बंद केली, की लिहिणाऱ्या थ्रेडचे कुलूप नकळत गळून पडते. मग दुसरा प्रोग्रॅम मध्ये लिहू शकतो आणि फाइल खराब होते. डेटाबेसच्या फाइलला एसक्यूलाइटखेरीज कोणी हात लावू नये.

दुसऱ्या काउंटरवर वेगळा संगणक ठेवून नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधली तीच फाइल उघडणे हा मार्ग पूर्ण टाळावा. नेटवर्कवरच्या फाइलींची कुलपे भरवशाची नसतात, आणि वॉल पद्धतीला तर सगळे वाचणारे-लिहिणारे एकाच संगणकावर असावे लागतात, कारण ते सामायिक मेमरीतून एकमेकांशी ताळमेळ ठेवतात. आपल्या उदाहरणातल्या दुकानाने केले तेच योग्य: फाइल एका संगणकावर, तिला हात लावणारा प्रोग्रॅम एक, बाकीचे त्या प्रोग्रॅमशी बोलतात. नवी पेठेतले दुकान, एमआयडीसीतला कारखाना आणि पुण्यातली शाखा, सगळे सतत एकाच हिशेबात लिहिणार असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हर घ्यावा.

वीज जाण्याचाही विचार हवा. माहिती डिस्कवर पोचण्याची कितपत वाट पाहायची हे ‘सिंक्रोनस’ या पर्यायाने ठरते. वॉल पद्धतीत त्याची पातळी ‘नॉर्मल’ केली तर वेग वाढतो आणि वीज गेली तरी फाइल खराब होत नाही, पण कमिट झालेली शेवटची काही बिले नाहीशी होऊ शकतात. ग्राहकाच्या हातात छापील बिल आणि संगणकात त्याचा पत्ता नाही, अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर ‘फुल’च ठेवावे.

हे सगळे केल्यावर प्रोग्रॅम खरोखर नीट चालतो का, हे दुकानात पोचण्याआधी तपासता येते. एका चाचणी-फाइलमध्ये 1000 डझनांची शिल्लक ठेवा. आठ थ्रेड सोडा. काहींनी विकावे, काहींनी आवक चढवावी, एखाद्याने मुद्दाम मध्येच रोलबॅक करावे, एखाद्याने सतत अहवाल वाचत राहावे. प्रत्येक थ्रेडने आपल्या मते काय पक्के झाले ते वेगळ्या फाइलमध्ये लिहीत जावे. मध्येच टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारून टाका, पुन्हा सुरू करा, पुन्हा मारा. शेवटी ‘इंटिग्रिटी चेक’ चालवा, आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा विक्री हा आकडा काढा आणि तो फाइलमधल्या शिलकेशी व थ्रेडच्या टिपणांशी ताडून पाहा. थ्रेडने ‘पक्के’ म्हटलेली प्रत्येक नोंद फाइलमध्ये सापडली पाहिजे. एखाद्या डझनाचाही फरक पडला, तर आधी कनेक्शन कुठे सामायिक झाले आहे ते शोधा, आणि ते सापडले नाही तर वाचणे व लिहिणे कुठे दोन व्यवहारांत फुटले आहे ते.